आभा क्रमांक आहे, ॲप रिकामं आहे

(दृश्य: सरकारी रुग्णालय, केसपेपरची खिडकी. रांगेतल्या बाईंच्या हातात रिपोर्टांनी फुगलेली प्लॅस्टिकची पिशवी.)

या पिशवीत बाईंचा सगळा मधुमेह आहे. त्यातला जुना ईसीजी मात्र आता वाचता येत नाही. थर्मल कागदावरची छपाई उन्हाने, उष्णतेने पुसट होते. त्याची झेरॉक्स त्याच दिवशी काढून ठेवावी लागते.

यावर उपाय म्हणून २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. प्रत्येकाला १४ अंकी आभा क्रमांक, म्हणजे आपले रिपोर्ट ज्याला जोडायचे आणि मोबाइलवर बघायचे तो ओळख क्रमांक. कोविड लशीच्या वेळी आधार दिलेल्या अनेकांचा तो तेव्हाच तयार झाला, त्यांना पत्ताही नाही. कित्येकांना तर हेच पाच लाखांचं आयुष्मान कार्ड वाटतं. ते वेगळं. आभामुळे उपचार फुकट होत नाहीत.

(दृश्य: खिडकीशेजारी चिकटवलेला क्यूआर कोड. मोबाइलवर टोकन नंबर उमटतो.)

इथे मात्र लोक आपणहून मोबाइल काढतात. आभाच्या ॲपमधून कोड स्कॅन करा, नाव-वय-पत्ता खिडकीत पोहोचतो, टोकन मिळतं. रांग वाचते, एवढं कारण पुरतं. घरातल्या चौघांचे आभा एकाच मोबाइलवर असतील, तर आधी प्रोफाइल बघा. नाहीतर सासूबाईंचा केसपेपर सुनेच्या नावाने निघायचा.

पुढची पायरी अवघड. घरी जाऊन ॲप उघडावं, तर आत काहीच नाही. कारण रिपोर्ट कुठल्या सरकारी कोठारात जमा होत नाहीत; ते त्या-त्या रुग्णालयाच्या, लॅबच्या संगणकातच राहतात. तिथली यंत्रणा मिशनला जोडलेली हवी आणि नोंद तुमच्या आभाशी जुळलेली हवी. नोंदणीत जुना मोबाइल नंबर किंवा नावाचं वेगळं स्पेलिंग असलं, की जुळणी अडते. जुन्या कागदांचे फोटो स्वतः चढवता येतात, पण फोटोतल्या साखरेच्या आकड्यांचा आलेख आपोआप निघत नाही. रिकामं ॲप लोक दुसऱ्यांदा उघडत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

(दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर संमतीची विनंती, जवळून.)

दुसरी अडचण भीतीची. टीबी, एचआयव्ही, मानसोपचार, गर्भपात यांची नोंद कोण बघणार? शिवाय ओटीपी बहुधा मुलाच्या मोबाइलवर येतो, म्हणजे पहिला वाचक घरातलाच.

डॉक्टरांकडून विनंती आली, की पडद्यावर चार गोष्टी दिसतात: कोण मागतंय, कशासाठी, कोणत्या प्रकारचे कागद आणि कोणत्या तारखांमधले. त्यानंतर संमतीची मुदत. घाईत सगळे थेट ‘मंजूर’ दाबतात. त्याआधी तारखा कमी करता येतात. गुडघ्याच्या डॉक्टरांना दहा वर्षांपूर्वीचं बाळंतपण बघायची गरज नसते. दिलेली संमती नंतर मागेही घेता येते. आणि आभा काढणं ऐच्छिक आहे. नको असेल, तर खिडकीवर नेहमीसारखा कागदी केसपेपर मागा.