कपाशीच्या पातीत रंगलेली मालिका

दिवाळीनंतर जळगाव-धुळ्याकडे कपाशीची वेचणी जोरात असते. कमरेला ओटी बांधून बायका आपापली पात, म्हणजे वेचायची ओळ, धरतात आणि कालचा मालिकेचा भाग शेतात पुन्हा सुरू होतो, या वेळी अहिराणीत. टीव्हीवर सून पुण्या-मुंबईच्या मराठीत बोललेली असते. इथे ती, तिची सासू, सगळं घरच खान्देशी होऊन जातं.

"सासूनी तिले घरमाईन काढी दिनं वं, माय!" एकजण सांगते. शेजारच्या पातीतल्या बाईकडे काल लाइट नव्हती. हातातलं बोंड तसंच धरून ती विचारते, "मंग तिना नवरा काय बोलना?"

त्या सुनेची ही काळजी खरी आहे. ‘ती नटी आहे, संध्याकाळी मेकअप पुसून घरी जाते’ हे या बायकांना कुणी समजावून सांगायची गरज नाही. ते माहीत असूनही डोळ्यांत पाणी येतं.

डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी 1956 मध्ये अशा नात्यावर लिहिलं. रेडिओ-टीव्हीवरचा माणूस आपल्याला ओळखत नाही, तरी रोज भेटून तो आपला वाटू लागतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यांच्यासमोर मुख्यतः कार्यक्रम सादर करणारी मंडळी होती. पुढच्या अभ्यासकांनी ही कल्पना कथेतल्या पात्रांनाही लावली.

मालिकेत हे नातं आणखी घट्ट होतं. सून रोज ठरलेल्या वेळी घरात येते. भाकरी थापताना, चुलीपुढे बसल्याबसल्या तिचं ऐकू येतं. शिवाय ती एकटी रडते तेव्हा तिथे फक्त आपण असतो. तिच्या नवऱ्याला जे ठाऊक नाही, ते आपल्याला ठाऊक असतं. एखाद्याचं गुपित सांभाळलं की तो माणूस परका राहतच नाही.

25 जानेवारी 1987 ला दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं, तेव्हा गावोगावी लोक टीव्हीला हार घालत, उदबत्ती लावत. रामाची भूमिका करणारे अरुण गोविल समोर आले की लोक त्यांच्या पाया पडत. निळू फुल्यांच्या वाट्याला याच्या उलट आलं. पडद्यावरचा त्यांचा खलनायक इतका खरा वाटे की बायका त्यांचा राग राग करत.

खान्देशाला तर हे नवं नाही. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी इथे घरोघरी कानबाई देवी बसते. नारळाला नथ घालून, साडी नेसवून तिला सजवतात. रोट होतात, रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी नदीवर तिला निरोप देताना बायांचे डोळे भरून येतात. घरी आलेल्या लेकीसारखी तिची पाठवणी होते. रोज घरात येणाऱ्या मालिकेतल्या सुनेसाठी याच बाया रडल्या, तर त्यात हसण्यासारखं काय आहे?

मालिका संपते तेव्हा मात्र पंचाईत होते. वर्षानुवर्षं घरात वावरलेलं माणूस एका संध्याकाळी निघून जातं आणि त्यासाठी कुणी दुखवट्याला दारावर बसायला येत नाही. ते दुःख बाईला एकटीनेच गिळावं लागतं.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेगळंच. स्वतःच्या सासूबद्दल चारचौघींत बोलायची सोय नसते. शब्द घरी पोचतो. मालिकेतल्या सासूबद्दल मात्र कितीही बोला. नाव तिचं, दुखणं आपलं. ऐकणारीलाही ते कळतं, ती फक्त "हो वं" म्हणते आणि पात पुढे सरकते.

सिनेमाही असाच घरात शिरतो. स्मिता पाटील यांचे वडील शिवाजीराव धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचे, म्हणून इकडे त्यांना आपली लेक मानतात. 13 डिसेंबर 1986 ला, अवघ्या 31 व्या वर्षी त्या गेल्या. ‘उंबरठा’मधली त्यांची सुलभा मात्र अजून वाद घालायला लावते. 1982 चा हा सिनेमा. सुलभा मुलीला सासरी ठेवून महिला सुधारगृहात नोकरीला जाते, परत येते तेव्हा घर तिचं उरलेलं नसतं आणि ती पुन्हा बाहेर पडते. तरण्या सुना म्हणतात, बरोबर केलं. वयस्कर बाईला नोकरीही पटते, घर सोडणंही पटतं, पण एका जागी ती अडून बसते: "पोरले संगे लई जावाले पाहिजे व्हतं तिनी!"