चार वाजेपर्यंत हातोडी बंद

(दृश्य: ठाण्यातल्या नौपाड्यातली जुनी इमारत. तिसऱ्या मजल्यावरची ग्रिल लावलेली गॅलरी.)

दुपारचे तीन. गोखले रोडचे हॉर्न इथवर ऐकू येतात, पण गॅलरीत मात्र सामसूम आहे. खालच्या मजल्यावर माई झोपल्यात. चार वाजेपर्यंत हातोडी उचलायची नाही, लेथ लावायचं नाही, असा काकांचा आणि त्यांचा जुना करार. आम्ही कॅमेरा घेऊन तास आधी आलोय, म्हणजे बसून राहणं आलं.

काका वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्तीनंतर लाकडी पेनं बनवायला लागले. वॉशिंग मशीनच्या जागी आता छोटं लेथ, म्हणजे लाकूड फिरवत कातायचं यंत्र, आहे. वॉशिंग मशीन कुठे गेलं, ते काकूंना विचारायचं नाही.

पण आजचं काम पेन बनवण्याचं नाही. बनलेलं पेन उघडायचंय, आणि तेही पॉलिशला ओरखडा न जाता.

(दृश्य: टेबलावर नॅपकिन. त्यावर शिसवीचं पेन.)

पेन माझंच आहे. म्हणजे बाबांचं. ते निवृत्त झाले तेव्हा एका प्रदर्शनातून घेऊन दिलं होतं. फिरवलं की रिफील बाहेर, उलट फिरवलं की आत. यातलं ‘आत’ काही नीट जमत नव्हतं. मिटवलेल्या पेनातूनही टोक डोकावायचं. बाबांच्या तीन शर्टांच्या खिशांवर निळे डाग पडल्यावर मी एका रविवारी पक्कड घेतली, टोकाला रुमाल गुंडाळला आणि जोर लावून पिळलं.

(दृश्य: काठ, अगदी जवळून.)

त्याचा परिणाम तुम्हाला दिसतोय. धातूच्या टोकावर पक्कडीचे दात उठलेत. आणि लाकूड जिथे संपतं तिथे, काठालगत, नखाच्या चंद्रकोरीएवढा पांढरा डाग.

काका डोळ्याला भिंग लावतात. बराच वेळ काही बोलत नाहीत. मग म्हणतात, “अगं, पिळलंस कशाला? याला आटेच नाहीत.”

सगळी गोम इथेच आहे. पेन आट्यांचं आहे की दाबून बसवलेलं, हे हात लावण्याआधी ठरवायचं. अशा लाकडी पेनाच्या पोटात दोन पितळी नळ्या असतात, वरच्या भागात एक, खालच्या भागात एक. लाकूड या नळ्यांवर चिकटवून मग लेथवर कातलेलं असतं. टोक, फिरकी (रिफील आत-बाहेर करते ती), क्लिप, वरची टोपी हे सगळं शेवटी नळीत दाबून बसवतात. ना गोंद, ना आटे. घट्टपणा पितळेत पितळ बसल्याचा. पावसाळ्यात लाकूड फुगून पेन अडकलं, असं सांगत काहीजण येतात. काका त्यांना चहा देतात, पण ऐकून घेत नाहीत.

आता मापं बघा. नळी 7 मिलिमीटरची. काठाशी पेनाची जाडी साधारण सव्वाआठ. म्हणजे तिथे दोन्ही बाजूंना लाकूड उरलं जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर. पोस्टकार्डं दोन-तीन एकावर एक ठेवा, तेवढं. त्यावर पॉलिशचा थर. बाहेरून धरून पिळलं की सगळा जोर याच कडेवर येतो.

आणि हे पॉलिश म्हणजे मुळात फेव्हिक्विकच्या जातीचा गोंद. पेन लेथवर फिरत असताना कागदाच्या बोळ्याने त्याचे पातळ थर देतात, वाळवतात, घासतात. शेवटचा घासायचा कागद 12000 नंबरचा असतो, बोटाला तो कापडासारखा लागतो. काचेसारखी चमक येते आणि स्वभावही काचेचाच. वाकत नाही, टवका उडतो. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन लागलं तर मऊ पडून चमक गेलीच. चपड्याच्या, म्हणजे लाखेच्या पॉलिशचं वेगळंच दुखणं. ते स्पिरिटमध्ये विरघळतं. हाताला सॅनिटायझर चोळून असं पेन धरलं, तर त्यावर बोटांचे ठसे कायमचे उमटू शकतात. काकांच्या गॅलरीच्या दाराशी म्हणून साबण असतो.

साडेतीन. काका ड्रॉवर उघडतात.

(दृश्य: ड्रॉवर. सळया, बुश, सायकलच्या ट्यूबचे तुकडे.)

यात काळी एबोनाइटची फाउंटन पेनंही आहेत. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. राजमहेंद्रीला रत्नम पेनं 1930च्या दशकापासून बनतायत, त्याच घराण्यातली ही. इथे मात्र आटे असतात, म्हणजे पिळायचंच, पण पक्कडीने नाही. सायकलच्या ट्यूबची पट्टी दोन्ही बाजूंना गुंडाळायची आणि नुसत्या हाताने फिरवायचं. रबर घसरत नाही, ओरखडेही पाडत नाही. जाम झालं असेल तर हेअर ड्रायरची कोमट हवा. गरम पाणी नको, एबोनाइटची काळी चमक जाऊन ते तपकिरी पडतं. निब आणि तिच्याखालची शाई पुरवणारी जीभ एकत्र धरून सरळ ओढायची. तिथे पिळलं तर निब गेली.

“जोर लावावासा वाटला की थांबायचं आणि चहा घ्यायचा,” काका म्हणतात. ते खरंच चहा टाकायला आत जातात.

शिसवीच्या पेनाकडे परत येऊ. वरचा भाग सरळ ओढला की निघतो, तो फक्त फिरकीवर सरकवलेला असतो. मागे रिफील दिसतं, ते उलट फिरवून काढायचं. रिफीलला आटे असतात. या पेनात पिळायची जागा ही एवढीच. इथवर कुणालाही घरी जमेल.

पुढे टोक. ते बाहेरून ओढायचं नाही, आतून ढकलायचं. काकांनी एक पोलादी सळई कानसून रिफीलपेक्षा किंचित बारीक केलीय. फिरकीच्या मागून ती आत जाते, जिथून रिफील गेलं असतं तिथूनच. आणि टोकाच्या आत, रिफीलचा खांदा जिथे अडतो, तिथे अडते.

कुणी टोक गोंद लावून बसवलं असेल तर? काका सोल्डरिंगची बंदूक टोकाच्या धातूला टेकवतात, लाकडाला नाही, आणि मोजून थोडाच वेळ. उष्णतेने गोंद सुटतो. पण लाकूड आणि नळीमधलाही सुटू शकतो, आणि मग एक दुरुस्त करता करता दोन कामं होतात.

खालून गॅस लायटरचा आवाज येतो. माई उठल्या.

(दृश्य: मूठ. मुठीत रबरात गुंडाळलेलं पेन. खाली नॅपकिन.)

काका पेनाचा खालचा भाग ट्यूबच्या पट्टीत गुंडाळून डाव्या मुठीत धरतात. व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलाच्या शिकंज्यात नाही. काठ कशावरही टेकवत नाहीत, नाहीतर ठोक्याचा मार त्या पाऊण मिलिमीटरवर बसेल. सळईवर छोट्या हातोडीचा एक ठोका. काही नाही. दुसरा, तेवढाच. तिसऱ्याला आवाज बदलतो. टणक होता, आता बद्द.

टोक नॅपकिनवर पडतं.

आता टोकाच्या बाजूने जाडसर सळई आत घालून फिरकीला मागून बाहेर रेटायचंय. फार नाही. बनवणाऱ्याने ती गरजेपेक्षा खोल दाबली होती, म्हणूनच रिफील आत जात नव्हतं. काका फिरकीवर पेन्सिलने रेघ मारतात, दोन हलके ठोके, रेघ नळीपासून दीड मिलिमीटर दूर. बास.

नळीच्या आत वाळलेल्या गोंदाचा एक थेंब सापडतो. हा तसाच ठेवून टोक परत दाबलं असतं, तर नळी फुगून वरचं लाकूड तडकलं असतं. काका बारीक गोल कानस हाताने फिरवून तो खरवडतात. टोक बसवायला मात्र व्हाइस, दोन्ही जबड्यांना लाकडाचे तुकडे लावून. अगदी सरळ रेषेत, हळूहळू.

राहिला पांढरा डाग. पांढरा दिसतो, कारण थर उचलला जाऊन खाली हवा शिरलीय. काका सुईच्या टोकावर पातळ गोंद घेऊन काठाशी टेकवतात. थेंब आपोआप आत ओढला जातो, आणि पांढरं तुमच्या डोळ्यांदेखत काळंभोर होतं. पक्कडीचे दात मात्र राहणार. मुलामा गेला तो गेला.

रिफील आत. फिरवलं, बाहेर. उलट फिरवलं, आत. पूर्ण आत. काका विजेच्या बिलामागे दोन रेघा ओढून बघतात आणि पेन माझ्या हातात देतात.

खालून माईंचा आवाज: “झालं का हो ठोकून?”

“झालं, माई!” म्हणत काका लेथचं बटण दाबतात.