शाई गोठते तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

मार्च १९१२. दक्षिण ध्रुवावरून परतताना रॉबर्ट स्कॉट आणि त्यांचे दोन सोबती हिमवादळात तंबूत अडकले. रात्री पारा उणे ३० अंश सेल्सिअसच्याही खाली. अशा थंडीत, उपाशीपोटी, स्कॉट रोजनिशी लिहीत होते. शेवटची नोंद २९ मार्चची. नोव्हेंबरमध्ये शोधपथकाला तंबू सापडला, तेव्हा तिघेही गेलेले होते. रोजनिशीतलं अक्षर मात्र शाबूत होतं. कारण ती पेन्सिलीने लिहिलेली होती.

याच मोहिमेतले डॉक्टर मरे लेव्हिक यांची एक वही शंभर वर्षं बर्फात पडून होती. पाण्याने तिची पानं सुटी झाली होती, तरी पेन्सिलीच्या नोंदी वाचता आल्या. मला हे फार मोलाचं वाटतं. पेन्सिलीतल्या काळ्या कांडीत, म्हणजे ग्रॅफाइटमध्ये, गोठायला काही द्रवच नसतो. त्याचे पातळ थर कागदावर घासून उतरतात आणि पाण्यात विरघळत नाहीत.

शाईचं तसं नाही. फाउंटन पेनची शाई म्हणजे मुख्यतः पाणी. पाण्याचा बर्फ झाला की आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. भरलेली दौत तडकू शकते. बॉलपेनची शाई तेलकट असते. हिवाळ्यात खोबरेल थिजतं, तितकी ती थिजत नाही, पण घट्ट होते. मग टोकावरची इवलीशी गोळी फिरते, शाई नीट उठत नाही, कागदावर नुसता ओरखडा. अशा वेळी रिफिल काडीने तापवू नका. पेन दोन्ही तळव्यांत घोळवा, नाहीतर थोडा वेळ आतल्या खिशात ठेवा. अंतराळवीरांसाठी घेतलेल्या फिशर पेनमध्ये दाबाखालचा नायट्रोजन शाईला मागून ढकलतो, म्हणून ते कडाक्याच्या थंडीतही चालतं.

फाउंटन पेनवाल्यांनी आणखी एक जपावं. गारठलेलं पेन उबेत आलं की आतली हवा फुगते आणि शाई निबेतून बाहेर ढकलली जाते. अर्धं रिकामं पेन जास्त गळतं, कारण त्यात हवा जास्त. म्हणून पेन पूर्ण भरा, किंवा पूर्ण रिकामं करा, आणि निब वर करून खिशाला लावा.

आपल्याकडची कितीतरी मुलं-मुली हिमालयात ट्रेकला जातात. त्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे: सॅकमध्ये टू-बीच्या दोन पेन्सिली आणि एक शार्पनर टाका. टू-बी मऊ असते, हातमोजे घालूनही हलक्या दाबाने ठळक उमटते. पेन्सिलीला दोरी बांधून ती वहीलाच अडकवा, म्हणजे बर्फात पडून हरवणार नाही. आणि त्या दिवसाची नोंद त्याच संध्याकाळी, तंबूत शिरल्यावर लगेच करा.

नमस्कार.