आधी वाट अडवली, मग वेग मोजला

(दृश्य: बेल्जियममधील अरुंद ग्रामीण रस्ता. एक महिला सायकलपटू एकटीच पुढे आहे आणि मागे बऱ्याच अंतरावर मुख्य जथा दिसतो आहे.)

2 मार्च 2019 रोजी बेल्जियममध्ये ‘ओम्लूप हेट न्यूसब्लाड’ ही नामांकित एकदिवसीय शर्यत होती. पुरुषांना सोडल्यानंतर दहा मिनिटांनी महिलांना सोडण्यात आले. स्वित्झर्लंडची निकोल हान्सेलमान सुरुवातीलाच जथ्यातून निसटली आणि पाहता पाहता तिने जवळपास दोन मिनिटांची आघाडी घेतली. सुमारे 35 किलोमीटर झाल्यावर तिला समोर मोटारींची रांग दिसू लागली. त्या मोटारी पुरुषांच्या शर्यतीमागून चालणाऱ्या होत्या. अधिकाऱ्यांनी महिलांची शर्यत तिथेच थांबवली. काही मिनिटे सगळ्यांना रस्त्यात उभे करण्यात आले आणि मग हान्सेलमानची आघाडी कायम ठेवून शर्यत पुन्हा सुरू झाली. परंतु एकदा मोडलेली लय परत आली नाही. मागच्या जथ्याने तिला गाठले आणि ती 74व्या क्रमांकावर आली.

दोन शर्यती एकमेकींत मिसळू नयेत, ही काळजी रास्तच आहे, कारण सायकलपटू आणि मोटारी एका रस्त्यावर दाटीवाटीने आल्या की अपघात ठरलेलाच असतो. प्रश्न आहे तो दहा मिनिटांचा. हे अंतर पुरेसे आहे असे ज्यांना वाटले, त्यांनी महिला इतक्या जवळ येतील ही शक्यता वेळापत्रक आखताना विचारातच घेतली नव्हती, आणि त्या अंदाजाची किंमत आघाडीवर असलेल्या सायकलपटूला मोजावी लागली.

स्पर्धात्मक सायकलिंगचा इतिहास चाळला, तर असे अंदाज पानोपानी भेटतात. महिलांना काय झेपणार नाही, हे बहुतेक वेळा त्यांना रस्त्यावर उतरू देण्याआधीच ठरलेले असे. मग त्या ठरवण्याला साजेसे नियम, अंतरे आणि बक्षिसे आखली जात आणि पुढे त्याच आखणीकडे बोट दाखवून ‘पाहा, महिलांच्या शर्यतींत दम नाही’ असे सांगितले जाई.

(दृश्य: 1924 सालचे कृष्णधवल छायाचित्र. धुळीने माखलेली अल्फोन्सिना स्त्रादा.)

इटलीच्या अल्फोन्सिना स्त्रादा यांचे उदाहरण पाहू. 1924 च्या ‘जिरो दि इतालिया’ या इटलीतील अनेक टप्प्यांच्या शर्यतीवर अनेक नामवंत पुरुष सायकलपटूंनी पैशांच्या वादातून बहिष्कार टाकला होता आणि आयोजकांना चर्चेतली नावे हवी होती. अशा वेळी स्त्रादा यांना प्रवेश मिळाला. त्यांचे नाव ‘अल्फोन्सिन’ असे छापून आल्याने वाचणाऱ्याला सहभागी होणारी व्यक्ती स्त्री आहे की पुरुष, हे कळत नव्हते. लाक्विला ते पेरूजा या टप्प्यात वादळी पावसात त्या पडल्या आणि सायकलचे हँडल मोडले. झाडूच्या दांड्याचा तुकडा जोडून त्यांनी तो टप्पा पुरा केला, मात्र वेळेची मर्यादा उलटून गेली होती. त्यांना पुढे जाण्याची मुभा मिळाली, पण अधिकृत क्रमवारीतून त्यांचे नाव गेले. तरीही त्या शर्यतीच्या शेवटापर्यंत, म्हणजे मिलानपर्यंत गेल्या. त्या वर्षी 90 जणांनी सुरुवात केली होती आणि क्रमवारीत अखेरपर्यंत टिकले केवळ 30. हे सगळे पाहिल्यावर पुढच्या वर्षी त्यांना सन्मानाने बोलावले असेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्यांना प्रवेश नाकारण्यात आला आणि त्यांच्यानंतर पुरुषांच्या कोणत्याही भव्य दौऱ्यात, म्हणजे इटली, फ्रान्स आणि स्पेनमधील तीन आठवड्यांच्या शर्यतींत, एकही महिला धावलेली नाही.

रस्त्यावरील विश्वविजेतेपदाची महिलांची शर्यत 1958 मध्ये फ्रान्समधील रांस येथे प्रथम झाली आणि लक्झेंबर्गच्या एल्सी जेकब्स पहिल्या विजेत्या ठरल्या. व्यावसायिक पुरुषांसाठी ही शर्यत 1927 पासून होत होती. ऑलिंपिकमधील दरी तर याहून मोठी आहे. आधुनिक ऑलिंपिक 1896 मध्ये सुरू झाले तेव्हापासून त्यात सायकलिंग आहे, पण महिलांना त्यात प्रवेश मिळाला तो 1984 मध्ये, लॉस एंजेलिस येथे. मधल्या 88 वर्षांत ज्यांची उमेद आणि उमर सरली, त्या महिलांची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. त्यांच्यातील एकीची कामगिरी मात्र नोंदलेली आहे आणि तिच्याजवळ जरा थांबायला हवे.

(दृश्य: यॉर्कशरमधील रस्ता, सप्टेंबर 1967.)

इंग्लंडच्या बेरिल बर्टन शेतावर मजुरी करत, घर सांभाळत आणि उरलेल्या वेळात सायकल चालवत. कोणत्याही संघाचा पगार त्यांना नव्हता. 1967 च्या सप्टेंबरमध्ये त्या बारा तासांच्या टाइम ट्रायलमध्ये उतरल्या. या प्रकारात एकेकाला ठरावीक अंतराने सोडतात आणि बारा तासांत कोण किती अंतर कापतो हे मोजतात. महिलांना पुरुषांच्या मागाहून सोडले होते. बर्टन एकेका पुरुषाला मागे टाकत गेल्या आणि अखेरीस त्यांच्यापुढे एकटे माइक मॅकनमारा उरले, जे स्वतः त्या दिवशी पुरुषांच्या राष्ट्रीय विक्रमाच्या वाटेवर होते. त्यांना ओलांडताना बर्टन यांनी खिशातून ज्येष्ठमधाची एक गोळी काढून त्यांच्यापुढे धरली, मॅकनमारांनी आभार मानून ती तोंडात टाकली आणि बर्टन पुढे निघून गेल्या. दिवसअखेर मॅकनमारांच्या नावावर 276.52 मैल आणि बर्टन यांच्या नावावर 277.25 मैल, म्हणजे सुमारे 446 किलोमीटर, अंतर जमा झाले. पुरुषांना हा आकडा ओलांडायला 1969 साल उजाडले आणि महिलांचा विक्रम म्हणून तो थेट 2017 पर्यंत टिकला.

बर्टन यांच्या नावावर सात विश्वविजेतेपदे आहेत, पण ऑलिंपिकचे एकही पदक नाही. त्या उमेदीत असताना ऑलिंपिकमध्ये महिलांसाठी एकही सायकल शर्यत नव्हती आणि पहिली शर्यत झाली तेव्हा त्या 47 वर्षांच्या होत्या.

त्याच 1984 च्या उन्हाळ्यात ‘टूर द फ्रान्स’च्या आयोजकांनी महिलांचा दौरा भरवला. महिला पुरुषांच्याच मार्गावरील शेवटचा भाग काही तास आधी पार करत. महिलांना हा भार सोसणार नाही, असे भाकीत अनेकांनी केले होते. सुरुवातीला असलेल्या 36 जणींपैकी 35 जणी पॅरिसला पोहोचल्या. त्याच वर्षी पुरुषांच्या दौऱ्यात 170 पैकी 124 जण अखेरपर्यंत टिकले. दोन्ही दौऱ्यांचे अंतर सारखे नव्हते हे खरे, पण ‘त्या पोहोचणारच नाहीत’ या भाकिताचे तरी उत्तर मिळाले होते. विजेत्या अमेरिकन सायकलपटू मारियान मार्टिन यांना चषक आणि सुमारे एक हजार डॉलर मिळाले, तर पुरुष विजेत्याची रक्कम एक लाख डॉलरच्या पुढे होती. 1989 नंतर त्या स्वरूपातला दौरा बंद पडला. पुढे वेगवेगळ्या नावांनी तो कसाबसा तगला आणि 2009 मध्ये तोही थांबला.

(दृश्य: घडीव दगडांच्या फरसबंदीवरून जाणारे चिखलाने भरलेले चाक.)

बक्षिसांचा विषय निघाला की ‘बाजारच तसा आहे’ हे उत्तर हमखास मिळते. 2021 च्या फेब्रुवारीत ‘ओम्लूप’ जिंकणाऱ्या आना फान डेर ब्रेगेन यांना 930 युरो मिळाले आणि पुरुष विजेत्याला 16,000. चाहत्यांनाच याची लाज वाटली आणि त्यांनी महिलांच्या बक्षिसांसाठी वर्गणी गोळा केली. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला ‘पॅरिस-रूबे’ ही फ्रान्समधील एकदिवसीय शर्यत महिलांसाठी पहिल्यांदा झाली. पुरुषांसाठी ही शर्यत 1896 पासून आहे. पावसाने निसरड्या झालेल्या दगडी फरसबंदीवर इंग्लंडच्या लिझी डिग्नन यांनी अंतिम रेषा 80 हून अधिक किलोमीटर दूर असतानाच जथा सोडला आणि तिथून शेवटपर्यंत त्या एकट्या चालवत राहिल्या. दगडांच्या हादऱ्यांनी मागचे चाक वळणावर घसरत होते, त्या ते सावरत होत्या आणि अंतिम रेषेपर्यंत त्यांच्या हँडलवरच्या पट्टीला रक्ताचे डाग पडले होते, कारण हातांत मोजे नव्हते. त्यांना बक्षीस मिळाले 1,535 युरोंचे. दुसऱ्या दिवशी पुरुषांच्या विजेत्याला 30,000 युरो मिळाले. महिलांचे अंतर निम्म्याहून कमी होते, असा युक्तिवाद केला जातो, पण ते अंतर महिलांनी ठरवलेले नव्हते आणि बक्षीस तर जवळपास विसाव्या हिश्श्याचे होते. त्यांच्या संघाने पदरचे पैसे घालून ती रक्कम वाढवली, ही त्या संघाची दानत.

बक्षीस एका दिवसाचे असते, पगारावर मात्र वर्ष काढायचे असते, म्हणून माझ्या मते खरी दुखरी जागा तीच आहे. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने सर्वोच्च श्रेणीच्या महिला संघांसाठी किमान वेतन लागू केले ते 2020 मध्ये, आणि तेही वर्षाला 15,000 युरो. त्याआधी जगातील उत्तम संघांतही नाममात्र मानधनावर किंवा फुकट धावणाऱ्या सायकलपटू होत्या. 2023 पर्यंत ही रक्कम 32,000 युरोंच्या वर गेली आणि पुरुषांच्या दुसऱ्या श्रेणीच्या पातळीला आली. प्रसूती रजेची तरतूदही 2020 चीच आहे. त्याआधी बाळंतपण म्हणजे करार संपणे, हे जवळपास गृहीत होते. डिग्नन यांना 2018 मध्ये गरोदर असतानाच एका नव्या संघाने करारबद्ध केले, तेव्हा त्याची बातमी झाली. या सुधारणा आपसूक झालेल्या नाहीत. निवृत्त डच सायकलपटू इरिस स्लॅपेंडेल यांनी 2017 मध्ये सहकाऱ्यांसह ‘द सायक्लिस्ट्स अलायन्स’ ही संघटना उभी केली आणि करारांतील एकेका कलमासाठी पाठपुरावा केला.

पैशांइतकाच प्रश्न नजरेचाही आहे. वर्षानुवर्षे सायकल शर्यतीत स्त्रीची ठरलेली जागा विजयमंचावर होती, विजेत्याच्या शेजारी उभे राहून त्याच्या गालाचे चुंबन घेण्यापुरती. 2013 मध्ये बेल्जियममधील ‘टूर ऑफ फ्लँडर्स’ या शर्यतीनंतर दुसऱ्या क्रमांकाच्या पेतर सागानने अशाच एका तरुणीला सगळ्या कॅमेऱ्यांसमोर चिमटा काढला आणि नंतर जाहीर माफी मागितली. दोनच वर्षांनी बेल्जियममधील एका शर्यतीच्या आयोजकांनी याच प्रकाराची आठवण करून देणारे जाहिरातचित्र काढले आणि महासंघाने हरकत घेतल्यावर मागे घेतले. माफीने काय बदलले होते, ते यावरून दिसते. ‘टूर द फ्रान्स’ने ही मंचावरची प्रथा 2020 मध्ये बदलली. मंचामागे याहून गंभीर गोष्टी घडत होत्या. अलीकडच्या वर्षांत बेल्जियममधील महिला संघांच्या व्यवस्थापकांवर सायकलपटूंशी गैरवर्तन केल्याचे आरोप झाले, महासंघाच्या समितीने चौकशी केली आणि निलंबनाची कारवाई झाली. ज्याच्या हातात निवड, पगार आणि पुढचा करार आहे, त्याच्याविरुद्ध तक्रार करणे म्हणजे कारकीर्द पणाला लावणे असते, आणि पगारच नसलेल्या सायकलपटूकडे तर वकील करण्याइतकेही पैसे नसतात. 2008 मध्ये ऑलिंपिक आणि विश्वविजेतेपद एकाच वर्षी जिंकणाऱ्या ब्रिटिश सायकलपटू निकोल कुक यांनी 2017 मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे साक्ष देताना हा पुरुषांनी पुरुषांसाठी चालवलेला खेळ असल्याचे सांगितले होते.

(दृश्य: टोकियो 2020. महिलांच्या रस्ता शर्यतीचा आरंभ.)

‘महिलांच्या शर्यती कोणी पाहत नाही’ हा दावाही तपासायला हवा. 2020 मध्ये महासंघाने सर्वोच्च श्रेणीतील शर्यतींना किमान 45 मिनिटांचे थेट प्रक्षेपण बंधनकारक केले. त्याआधी अनेक शर्यती पडद्यावर दिसतच नव्हत्या, आणि जे दाखवलेच नाही ते कोणी पाहिले नाही, हा दोष प्रेक्षकांचा कसा मानायचा? टोकियोतील रस्ता शर्यतीत पुरुषांच्या 130 जागा होत्या आणि महिलांच्या 67. जागा कमी म्हणजे संघ छोटे, आणि संघ छोटा असला की पुढे निसटलेल्यांना गाठण्यासाठी लागणारे मनुष्यबळ नसते. त्या शर्यतीत व्यावसायिक संघाचा करार नसलेली ऑस्ट्रियाची गणितज्ञ आना कीझनहोफर सुरुवातीलाच पुढे गेली आणि सुवर्णपदक जिंकली. तिच्या मागून आलेल्या डच सायकलपटू आनेमीक फान फ्लोटेन यांनी अंतिम रेषेवर आनंदाने हात उंचावले, कारण पुढे आणखी कोणी आहे हे त्यांना ठाऊकच नव्हते. पॅरिस 2024 मध्ये दोन्ही शर्यतींत 90-90 जागा ठेवण्यात आल्या.

2013 मध्ये मारियान फोस, एमा पूली या सायकलपटूंसह कॅथरिन बर्टिन आणि ट्रायथलॉनपटू क्रिसी वेलिंग्टन यांनी महिलांच्या ‘टूर’साठी सह्यांची मोहीम चालवली. त्यातून 2014 मध्ये मिळाली एका दिवसाची शर्यत. पूर्ण दौरा यायला 2022 उजाडले. आठ टप्प्यांच्या त्या दौऱ्यात विजेत्या फान फ्लोटेन यांना 50,000 युरो मिळाले, तर पुरुष विजेत्याला पाच लाख. 2024 मध्ये अल्प द्युएजच्या घाटात शर्यतीचा निकाल लागला, तेव्हा पोलंडच्या काशिया नीव्हियादोमा आणि नेदरलँड्सच्या डेमी व्होलेरिंग यांच्यात फक्त चार सेकंदांचा फरक होता. पुरुषांच्या ‘टूर’च्या शंभराहून अधिक वर्षांत सर्वांत कमी फरक आठ सेकंदांचा आहे.

2025 मध्ये महिलांचा दौरा नऊ टप्प्यांचा झाला, पुरुषांचा 21 टप्प्यांचाच आहे. त्याच वर्षी महिला संघांची दुसरी श्रेणी तयार झाली आणि तिलाही किमान वेतनाचे नियम लागू झाले. त्याखालच्या श्रेणीला मात्र महासंघाची अशी कोणतीही अट नाही. त्या संघांतील मुली नोकरी किंवा शिक्षण सांभाळून सराव करतात आणि निमंत्रण मिळाले की मोठ्या शर्यतींत पूर्णवेळ पगारी सायकलपटूंच्या शेजारी, त्याच आरंभरेषेवर उभ्या राहतात. महासंघाने किमान वेतनाची अट आता त्या श्रेणीपर्यंत न्यायला हवी, भले रक्कम सुरुवातीला लहान असो, कारण उद्याच्या नीव्हियादोमा आणि व्होलेरिंग आज त्याच संघांत धावत आहेत आणि त्यांच्यापैकी अनेकींना पुढच्या वर्षी सायकल परवडेल की नाही, याचा हिशेब हंगाम संपण्याआधीच मांडावा लागतो.