‘शंका आहे’ एवढं म्हटलं तरी पुरे

श्रोतेहो, नमस्कार.

एक्स-रे विभागाच्या दारावर एक पाटी असते. ‘गरोदर असाल किंवा तशी शंका असेल, तर आधी सांगा.’ ही पाटी वाचूनही कितीतरी जणी गप्प राहतात. इतकी वर्षं परिचारिका म्हणून काम करताना मी ते पाहत आले आहे. प्रश्न विचारला जातो भर रांगेत, शेजारी घरचं माणूस उभं असतं. मान खाली घालून ती ‘नाही’ म्हणते. आणि आत टेबलावर झोपताना हळूच हात धरून सांगते, “सिस्टर, पाळी चार दिवस लांबलीय.”

तिचं काही चुकलं असं मी कधीच म्हणणार नाही. तो प्रश्न एकांतात विचारायला हवा, ही जबाबदारी आमची आहे. पण कुणी चारचौघांत विचारलंच, तर “मला जरा एकटीला बोलायचंय,” असं बेधडक म्हणा. तो तुमचा हक्क आहे. खात्री नसली तरी चालेल, शंका सांगा. शेवटच्या पाळीची तारीख सांगितली, तरी पुढचं आम्हाला कळतं.

तारखेला एवढं महत्त्व का, ते सांगते. गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. त्यामुळे पाळी चुकल्याचं लक्षात येतं, तेव्हा हिशेबाने चौथा आठवडा सरलेला असतो आणि बाळाचे अवयव घडायला सुरुवात होत असते. हृदय, मेंदू, हातपाय, सगळ्यांची पायाभरणी पुढच्या काही आठवड्यांत होते. १९५७ मध्ये जर्मनीत थॅलिडोमाइड हे झोपेचं औषध बाजारात आलं. गरोदरपणातल्या मळमळीवरही ते दिलं जायचं. नेमक्या याच नाजूक दिवसांत ते पोटात गेल्यामुळे जगभरात १०,००० हून अधिक मुलं व्यंग घेऊन जन्मली. १९६१ च्या अखेरीस जर्मनीत ते मागे घेतलं गेलं. आज औषध लिहिण्याआधी डॉक्टर पाळीची तारीख विचारतात, त्यामागे ही मुलं आहेत.

आता दुसरी बाजू. भीतीपोटी तपासणीच टाळणाऱ्याही असतात, आणि त्यांची मला जास्त काळजी वाटते. छातीच्या किंवा दाताच्या एक्स-रेत गर्भापर्यंत पोचणारे किरण नगण्य असतात. किरणांची मात्रा मिलिग्रे या मापात मोजतात. गर्भापर्यंत पोचलेली मात्रा ५० मिलिग्रेपेक्षा कमी असेल, तर त्यामुळे बाळात व्यंग आल्याचं आढळलेलं नाही. छातीच्या एक्स-रेची मात्रा एका मिलिग्रेच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. पोटाच्या सीटी स्कॅनला ती बरीच जास्त असते, म्हणून तिथे डॉक्टर दोनदा विचार करतात. सोनोग्राफीत आणि एमआरआयमध्ये हे किरण नसतातच. तेव्हा दिवस गेलेत हे कळण्याआधी एक्स-रे काढून झाला असेल, तर रात्र रात्र जागू नका. तारीख आणि कागद घेऊन डॉक्टरांकडे या.

औषधांचंही तसंच. मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन, सांधेदुखीवरचं मेथोट्रेक्सेट, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट, ही बाळाला बाधू शकतात. यांपैकी काही चालू असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. पण फिट्सची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. ती एकाएकी थांबली तर येणारी फिट आई आणि बाळ, दोघांच्याही जिवावर बेतू शकते.

ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही सांगा. घाई नसलेलं ऑपरेशन बहुतेक वेळा बाळंतपणानंतर करतात. अपेंडिक्ससारखं मात्र थांबवून ठेवत नाहीत, कारण ते फुटलं तर बाळाला धोका वाढतो. साधारणपणे ६ तास आधी खाणं आणि २ तास आधी पाणी बंद करायला सांगतात. तुम्हाला जी वेळ दिली असेल तीच पाळा. नखांचं पॉलिश काढून या, बोटाला लावलेल्या यंत्राला रक्तातला ऑक्सिजन नीट वाचता यायला हवा. पोट दिसू लागलं असेल तर टेबलावर डावीकडे थोडं कलतं झोपवतात. त्याने घाबरू नका, मोठ्या रक्तवाहिनीवरचा भार हलका करण्यासाठी ते असतं.

आणि एक गोष्ट अपॉइंटमेंटची वाट न पाहण्याची. पाळी चुकलेली आहे आणि ओटीपोटात एका बाजूला कळ येते, चक्कर येते, खांद्याच्या टोकाला दुखतं, तर गर्भ नळीत अडकलेला असू शकतो. घरी केलेली लघवीची तपासणी ‘नाही’ म्हणाली असली, तरी तडक दवाखाना गाठा, आणि दारातच सांगा, “पाळी चुकलीय.”