रस्त्याला भावना नसतात

नमस्कार श्रोतेहो. आजची इंग्रजी विशेषणं वाट अडवणारी आणि वाट देणारी. पण आधी माझी फजिती ऐका.

नोकरीला लागून चार महिने झाले होते. आषाढातला पाऊस, घाटात दरड कोसळलेली, आणि रस्ता बंद असल्याचं वरिष्ठांना इंग्रजीत कळवायचं होतं. मी टाइपरायटरवर ऐटीत ठोकलं, ‘द रोड इज इम्पॅसिबल.’ म्हणायचं होतं इम्पासेबल, म्हणजे जिथून जाता येत नाही असा. मध्ये ए हवा होता, माझा पडला आय. संध्याकाळी कागद परत आला. समासात लाल शाईनं लिहिलेलं: ‘रस्त्याला भावना नसतात, हे मान्य. गाड्या जातात का?’

मला काही उमगेना. शेजारच्या टेबलावरच्या भाऊंनी कपाटातून जाडजूड शब्दकोश काढला, पानावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “बाळा, ए असला तर वाट नाही. आय असला तर वेदना नाही.” पुन्हा सांगतो, ए असला तर वाट नाही, आय असला तर वेदना नाही. ए-वाल्याच्या मुळाशी लॅटिनमधलं पाऊल आहे. आय-वाल्याच्या मुळाशी सोसणं. दवाखान्यातला ‘पेशंट’ ह्याच घराण्यातला, सोसणारा.

तेव्हा साहेब कागद वाचत, अगदी ओळन्‌ओळ. हल्ली न वाचताच पुढे ढकलतात. आणि लाल शाई दौतीतलीच हवी, जेलपेनात तो दरारा नाही. असो.

आता घरातला माठ आठवा. माठ पोरस, म्हणजे बारीक छिद्रांतून पाणी झिरपू देणारा. ग्रीक ‘पोरोस’ म्हणजे वाट, नदीचा उतार, म्हणजे नदी ओलांडायची उथळ जागा. इस्तंबूलजवळच्या बॉस्फोरस सामुद्रधुनीच्या नावाचा अर्थ गुरांचा उतार, आणि तिकडे इंग्लंडात ऑक्सफर्ड म्हणजे बैलांचा उतार! लोणच्याची चिनी मातीची बरणी मात्र इम्पर्व्हियस, काही झिरपू न देणारी. ‘व्हिया’ रस्ता, ‘पर’ आरपार, आणि पुढचा ‘इम’ नकाराचा. आरपार रस्ता नाही. माठात वाट आहे, बरणीत नाही. ‘ऑब्व्हियस’मध्येही हाच व्हिया, वाटेतच आडवं येतं, म्हणून उघड दिसतं. आपला ‘दुर्गम’ही असाच, जिथे जाणं कठीण तो. किल्ल्याला दुर्ग म्हणतात ते त्यामुळेच.

हां, एक राहिलंच. दुसऱ्या दिवशी मी सरळ मराठीत लिहिलं, ‘घाट बंद आहे.’ त्यावर लाल शाई उमटली नाही. दरड मात्र तिसऱ्या दिवशी निघाली.