नारोशंकराची घंटा आणि वसईची खाडी

नाशिकच्या गोदाघाटावर, रामेश्वराच्या देवळाच्या भिंतीवर टांगलेली ही नारोशंकराची घंटा. देऊळ 1747 सालचं, पेशव्यांचे सरदार नारोशंकर यांनी बांधलेलं. घंटेवरचं साल मात्र 1721, आणि ती पोर्तुगीज घडणीची. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली आणि तिथल्या चर्चच्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत पोचल्या. ही त्यांतलीच एक.

म्हणून वसईला जायचं, तेही खाडीतून. रस्त्यानं आलात तर किल्ला झाडांमध्ये तुकड्यातुकड्यानं दिसतो. पाण्यातून आलात की पोर्तुगिजांनी हीच जागा का धरली, ते वेगळं सांगावं लागत नाही.

नाशिकरोडहून सकाळची पंचवटी एक्सप्रेस, दादरला उतरून पश्चिम रेल्वेची लोकल, भाईंदर. चारपाच जण असाल तर भाईंदर लोकलच धरा. विरारच्या गाडीत गर्दी असली की भाईंदरला दारापर्यंत पोचणं हेच मोठं काम होतं. स्टेशनच्या पश्चिमेला धक्का. इथून फेब्रुवारी 2024 पासून वसईसाठी रो-रो बोट सुटते, तीत मोटारसायकल आणि कारही चढते.

गडबड होते ती ओहोटीला. खाडीत गाळ आहे, पाणी उतरलं की बोटीची वेळ पुढे-मागे होते. कोळ्यांचा हिशोब साधा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. दशमीला साडेसात, म्हणजे दीडच्या सुमारास ओहोटी. दुपारच्या फेरीला वाईट दिवस. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आगेमागे भरती. सहल त्याच सुमारास ठरवा, तरी धक्क्यावर विचारूनच तिकीट काढा.

पलीकडे उतरलं की जाळी, होड्या, वलांडीवर वाळणारे बोंबील आणि जवळच बंदर दरवाजा. किल्ल्याला तीन बाजूंनी पाणी. जमीन फक्त उत्तरेकडून. मराठ्यांनी तिकडूनच सुरुंग लावून तट फोडला.

आत फिरायला किमान तीन तास. सेंट जोसेफचा उंच मनोरा बघा, मग फ्रान्सिस्कन चर्च. त्याच्या जमिनीत पोर्तुगीज थडग्यांच्या शिळा बसवल्या आहेत. भर दुपारी त्या सपाट फरशा वाटतात. ऊन तिरपं झालं की खोदलेली अक्षरं आणि ढालीसारखी कुलचिन्हं उठून येतात. त्यामुळे हे चर्च शेवटी ठेवा. तटावर चढताना गवतात पाय जपून. दगड सुटलेले आहेत आणि कठडा सगळीकडे नाही. माणशी दोन लिटर पाणी जवळ असू द्या.

परतीला बोटीची वाट बघू नका. संध्याकाळची पंचवटी दादरला गाठायची तर चारला किल्ला सोडा. रिक्षानं वसई रोड स्टेशन, तिथून चर्चगेट लोकल. चार वाजता शिळा नुकत्याच वाचता यायला लागलेल्या असतात, हा या बेताचा तोटा. तो पटत नसेल तर वसईत मुक्काम करा.